मुलाचं ऑपरेशन ठरलंय? लपवाछपवीच्या या चुका टाळा

हर्निया असो, टॉन्सिल असो की तिरळेपणा, तारीख मिळाली की घरात रजा, पैसे, डबा कोण आणणार याची जुळवाजुळव सुरू होते. ती कशीबशी होतेच. आयत्या वेळी गोंधळ उडतो तो बहुतेकदा कुणीतरी काहीतरी सांगायचं टाळल्यामुळे.

सगळ्यात आधी फसवलं जातं ते मुलालाच. ‘राणीच्या बागेत जायचंय’ सांगून त्याला परळच्या हॉस्पिटलात नेऊ नका. सुई टोचली की त्याला सगळं कळतं, आणि मग ड्रेसिंगच्या वेळी तुम्ही खरं सांगितलं तरी त्याला ते पटत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी सांगा, शाळकरी मुलाला आठवडाभर आधी. शब्द साधे हवेत: “तुझ्या जांघेत फुगतं ना, ते डॉक्टर नीट करणार. त्याआधी एक औषध देऊन झोपवतील. ही रोजच्यासारखी झोप नाही, तिच्यात काही कळत नाही की दुखत नाही. सगळं झालं की उठवतील. मग थोडं दुखेल, त्यावरही औषध आहे.” ‘अजिबात दुखणार नाही’ असं वचन देऊ नका. भूल चढेपर्यंत आई किंवा बाबाला आत थांबू देतात का, हे आधी विचारून घ्या आणि मुलाला तेवढंच कबूल करा. ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई देतील’ ही धमकी तर आजपासूनच बंद.

दुसरी लपवाछपवी उपाशीपोटाची, आणि ती जिवावर बेतू शकते. भूल दिल्यावर गिळण्या-खोकण्याची आपोआपची राखण थांबते. पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून साधारण नियम असा: जेवण, बिस्किट, वरचं दूध 6 तास आधी बंद, आईचं दूध 4 तास, साधं पाणी 2 तास. तळलेलं खाल्लं असेल तर आणखी वेळ लागतो. तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळ वेगळी असेल तर तीच पाळा. दूध दिसायला पातळ असलं तरी पोटात घट्ट होतं, त्यामुळे दुधाचा चहाही चालत नाही. आजीने कळवळून पहाटे अर्धं बिस्किट दिलंच, तर आजीला बोल लावत बसू नका, लगेच सिस्टरना सांगा. फार तर ऑपरेशन दुपारी जाईल किंवा पुढे ढकललं जाईल.

याच्या उलट, खबरदारी म्हणून लेकराला रात्रीपासून पाण्याचा थेंबही न देणं हीसुद्धा चूकच. शेवटचं पाणी किती वाजता द्यायचं हे स्पष्ट विचारा. नंबर लांबला तर पुन्हा विचारा. त्यात भीड कसली?

सर्दी-ताप लपवण्यामागचं दुःख मला समजतं. पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात तारखेसाठी वाट पाहिलेली असते, म्हणून पॅरासिटामॉल पाजून मुलाला उभं केलं जातं. पण सर्दीत श्वासनलिका चिडलेली असते आणि भूल देताना घसा आवळून श्वास अडकण्याचा धोका वाढतो. सर्दी गेल्यावरही तो दोनेक आठवडे राहू शकतो. खोकला सुरू झाला की आदल्या दिवशीच फोन करा, म्हणजे पेंगुळलेल्या मुलाला घेऊन बदलापूरहून पहाटेची लोकल पकडावी लागणार नाही. पावसाळ्यात परळजवळ हिंदमाताला पाणी भरतं, रेल्वेही अडकते. लांब राहणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी दाखल होता येईल का, ते पाहावं.

दमा, फिट, हलणारा दात, चालू असलेला काढा, नुकतीच दिलेली लस, घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का, हे न विचारताही सांगा. नखांवरची मेंदी, नेलपॉलिश यामुळे बोटावरच्या ऑक्सिजनच्या यंत्राला अडचण येऊ शकते. काळा दोरा, वाळे घरीच सोडवून ठेवा. ऑपरेशनच्या दारात ते कापले गेले की आजीच्या जिवाला लागतं.

कागदांचं थोडक्यात: महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर मंजुरी आधी लागते. रेशनकार्डावर मुलाचं नाव आहे का ते आजच बघा आणि हॉस्पिटलात या योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा.

भुलीतून उठताना लहान मुलं कधीकधी किंचाळतात, लाथा मारतात, आईलाही ओळखत नाहीत. बहुधा अर्ध्या तासात ती शांत होतात. हळू आवाजात बोलत राहा, पण परवानगीशिवाय काही भरवू नका. घरी आल्यावर दुखण्याचं औषध ठरल्या वेळी द्या, मूल कळवळेपर्यंत थांबू नका. वारंवार उलट्या, ताप किंवा लघवी न होणं दिसलं तर डिस्चार्ज कार्डावरच्या नंबरवर कळवा. श्वासाला त्रास झाला तर थेट हॉस्पिटल. टॉन्सिलचं ऑपरेशन असेल तर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास खपली सुटते. तेव्हा तोंडातून ताजं रक्त आलं, ते थोडं वाटलं तरी, मुलाला लगेच हॉस्पिटलात घेऊन जा.