कर्नलमधला रेस बग: लॉक घालण्याआधी काय करायचं

रेस म्हणजे एकाच डेटाला दोन सीपीयू किंवा थ्रेड एकाच वेळी हात लावतात आणि निकाल कोण आधी पोचतं त्यावर ठरतो, असा बग. लिनक्स कर्नलमधला असा एखादा क्रॅश पन्नास वेळा टेस्ट चालवल्यावर एकदाच येत असेल, तर संशयित फंक्शनभोवती स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत जागीच फिरत वाट बघायला लावणारा लॉक) घालून बघायचा मोह होतो. त्यानंतर क्रॅश थांबला, तरी बग गेला असं समजू नका. लॉकमुळे पुष्कळदा नुसतं टायमिंग सरकतं. आधी एक वाक्य लिहून काढा: ‘या फील्डला हात लावताना अमुक लॉक हातात असलाच पाहिजे.’ हे वाक्य पूर्ण करता येत नसेल, तर लॉक कुठे घालायचा हे अजून ठरलेलंच नाही.

तपासासाठी दोन वेगळे डीबग कर्नल बांधा. पहिल्यात केसॅन (सोडून दिलेल्या मेमरीचा वापर पकडणारं), लॉकडेपसाठी (लॉकचा वापर तपासणारं साधन) ‘प्रूव्ह लॉकिंग’ आणि ‘डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप’ (झोपायला मनाई असलेल्या जागी झोपणारा कोड पकडणारं) चालू ठेवा. दुसऱ्यात केसीसॅन, म्हणजे डेटा रेस शोधणारं साधन, ते ५.८ आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे. केसॅन आणि केसीसॅन एकाच बिल्डमध्ये चालत नाहीत. क्यूएमूत (व्हर्च्युअल मशीनमध्ये) चालवत असाल तर किमान ४ सीपीयू द्या.

केसीसॅन नमुने घेऊन काम करतं. साधारण ४००० मेमरी वापरांमागे एकावर ते पाळत ठेवतं आणि त्या थ्रेडला जास्तीत जास्त ८० मायक्रोसेकंद थांबवतं (इंटरप्टमध्ये २०). तेवढ्यात दुसऱ्या सीपीयूने तीच जागा बदलली तर रिपोर्ट येतो. म्हणून पाच मिनिटांत काही आलं नाही याला अर्थ नाही. टेस्ट रात्रभर चालू द्या. मूळ सेटिंगमध्ये मशीन-वर्डएवढं साधं लेखन अ‍ॅटॉमिक (एका झटक्यात पूर्ण होणारं) धरून काही रेस सोडून दिल्या जातात, तेव्हा आपल्या ड्रायव्हरसाठी ‘केसीसॅन स्ट्रिक्ट’ लावा.

लॉकडेपचं मात्र उलट आहे. डेडलॉक (दोघं एकमेकांच्या लॉकची वाट बघत अडकणं) प्रत्यक्षात घडावा लागत नाही. लॉक कोणत्या क्रमाने घेतले जातात ते पाहून तो आधीच इशारा देतो. पण पहिल्या इशाऱ्यानंतर तो स्वतःला बंद करून घेतो. त्यामुळे बूट होतानाच दुसऱ्याच कुठल्या ड्रायव्हरची तक्रार आली असेल, तर तुमच्या बगबद्दल तो पुढे अवाक्षर काढणार नाही. आधी ती पहिली तक्रार मिटवा.

बग हमखास दिसावा म्हणून रेस घडू शकते ती वेळेची खिडकी रुंद करा: संशयित दोन ओळींच्या मध्ये यूडिले(१००), म्हणजे १०० मायक्रोसेकंदांचा थांबा, घाला. क्रॅश वाढले तर जागा बरोबर सापडली. दुरुस्तीनंतर हाच डिले तसाच ठेवून टेस्ट पुन्हा चालवा, मगच तो काढा.

ड्रायव्हरांत फार वेळा दिसणारा नमुना असा: शोधणारं फंक्शन लॉक घेतं, यादीतून ऑब्जेक्ट शोधतं, लॉक सोडतं आणि पॉइंटर परत देतं.

सीपीयू ०: ऑब्जेक्ट सापडला, लॉक सोडला
सीपीयू १: लॉक घेतला, यादीतून काढला, केफ्री (मेमरी सोडली)
सीपीयू ०: पॉइंटर वापरला

केसॅनच्या रिपोर्टमध्ये तीन स्टॅक असतात: वापर, वाटप आणि मुक्ती. मुक्तीचा स्टॅक आधी वाचा, कारण चूक सहसा त्या वाटेच्या आणि शोधण्याच्या मधल्या फटीत असते. इथे वापराच्या जागी ऑब्जेक्टच्याच आतला लॉक घेऊन उपयोग नाही. तो लॉकही त्याच मुक्त झालेल्या मेमरीत आहे. खरा इलाज म्हणजे ऑब्जेक्टमध्ये रेफकाउंट_टी (तो किती जण वापरताहेत याची गणती) ठेवणं आणि यादीचा लॉक हातात असतानाच गणती वाढवणं. यादीची स्वतःची एक गणती धरा. काढताना आधी यादीतून सोडवा, मग ती गणती कमी करा. शून्यावर पोचवणारा मेमरी सोडेल.

शोध आरसीयूखाली (लॉक न घेता वाचू देणारी कर्नलची पद्धत) होत असेल तर साधी वाढ चालत नाही. ऑब्जेक्ट डोळ्यांसमोर असला तरी गणती आधीच शून्य झालेली असू शकते. तिथे रेफकाउंट_इन्क_नॉट_झीरो वापरा, ते अपयशी ठरलं तर ‘सापडला नाही’ असं उत्तर द्या, आणि मेमरी केफ्री_आरसीयूने सोडा. दोन्ही लागतात: आरसीयू वाचनाचा टप्पा संपेपर्यंतच मेमरी टिकवतं, त्यानंतरची जबाबदारी गणतीची.

तोच लॉक इंटरप्ट हँडलरही घेत असेल, तर बाकीच्या जागी स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्ह (लॉक घेताना त्या सीपीयूवरचे इंटरप्टही बंद करणारा) हवा. नाहीतर लॉक हातात असताना त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला की हँडलर कायमचा फिरत राहतो. स्पिनलॉकखाली जीएफपी_कर्नलने मेमरी मागू नका. ती मागणी झोपू शकते, आणि स्पिनलॉक धरून झोपायला मनाई आहे.

ड्रायव्हर काढतानाचा क्रम असा: नवं काम येण्याची दारं बंद करा, मग टायमर, मग वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची रांग), शेवटी मेमरी. टायमर आणि वर्क एकमेकांना जागे करत असतील तर आधी टायमर_शटडाउन_सिंक (६.२ पासून) आणि नंतर कॅन्सल_वर्क_सिंक. या दोन्ही वेळी, कॉलबॅक (टायमर किंवा वर्कने चालवलेलं तुमचं फंक्शन) जो लॉक घेतो तो हातात धरू नका; तुम्ही कॉलबॅक संपायची वाट बघाल आणि कॉलबॅक तुमच्या लॉकची.

रीड_वन्स आणि राइट_वन्स लावले की केसीसॅन गप्प होतं, म्हणून ते सरसकट शिंपडू नका. ते कंपायलरला एकच वाचन किंवा लेखन करायला लावतात, पण दोन सीपीयूंनी एकदम वाढवलेल्या काउंटरमधली एक वाढ तरीही हरवते. ‘आधी डेटा, मग तयार असल्याची खूण’ असा क्रम हवा असेल तर लिहिणाऱ्याकडे एसएमपी_स्टोअर_रिलीज आणि वाचणाऱ्याकडे एसएमपी_लोड_अ‍ॅक्वायर, अशी जोडीच लागते. हे विसरलेला कोड एक्स८६ वर वर्षानुवर्षं चालतो आणि आर्म६४ वर कोसळतो.

पॅचच्या वर्णनात वरच्यासारखा सीपीयूंचा क्रम लिहा, आणि ‘फिक्सेस’ ओळीत बग आणणाऱ्या कमिटच्या हॅशची पहिली १२ अक्षरं व शीर्षक द्या. सुरुवातीला लिहिलेलं वाक्य फील्डशेजारी कॉमेंट म्हणून टाका आणि त्या फील्डला हात लावणाऱ्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत लॉकडेप_असर्ट_हेल्ड घाला. उद्या कोणी लॉकशिवाय ते बोलावलं, तर डीबग कर्नलच इशारा देईल.