उजळाईवाडीहून उडालं तर किती लांब, किती वेळ?

कोल्हापूर ते मुंबई अंतर किती, याला तीन उत्तरं आहेत. रेल्वे मिरज-पुण्यावरून वळसा घालून जाते, त्यामुळे सुमारे 518 किलोमीटर. महामार्गाने साधारण पावणेचारशे. आणि हवेतून सरळ रेषेत जेमतेम 309. हा तिसरा आकडा तिकिटावर नसतो, पण घरबसल्या काढता येतो.

आधी ठिकाणं नक्की करा. नकाशात नुसतं ‘कोल्हापूर’ टाकलं तर खूण शहरात पडते. विमान उडतं उजळाईवाडीहून. मुंबईत सांताक्रूझ की नवी मुंबई, गोव्यात दाबोळी की मोपा, हेही ठरवून घ्या.

मग गूगल मॅप्समध्ये धावपट्टीवर उजवं क्लिक करून ‘अंतर मोजा’ निवडा आणि दुसऱ्या विमानतळावर क्लिक करा. मोबाइलवर बोट दाबून धरलं की खूण पडते. तिच्या माहितीत हाच पर्याय मिळतो.

हाताने करायची हौस असेल तर तेही अवघड नाही. उजळाईवाडी 16.66 अक्षांश, 74.29 रेखांशावर आहे. मुंबई विमानतळ 19.09 आणि 72.87 वर. अक्षांशांतला फरक 2.43. एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर, म्हणजे उत्तरेकडे 270 किलोमीटर. रेखांशांतला फरक 1.42. रेखावृत्तं ध्रुवांकडे जवळ येत जातात, म्हणून आपल्या पट्ट्यात एक अंश साधारण 105 ते 106 किलोमीटरचा धरायचा. पश्चिमेकडे 150 आले. आता शाळेतला पायथागोरस: दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर 309. हैदराबाद याच रीतीने 445च्या आसपास येतं, बंगळूर 530च्या. लंडन-न्यूयॉर्कला मात्र ही रीत लावू नका. तिथे पृथ्वीचा गोलावा आडवा येतो, नकाशावरचं मोजमापच बरं.

वेळ काढताना लोक अंतराला वेगाने भागतात आणि थांबतात. एटीआरसारखं पंख्याचं विमान ताशी 500 किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे मुंबई 37 मिनिटांत यायला हवी. पण विमान पूर्ण वेगात असतं ते मधल्या टप्प्यात. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं, यासाठी अर्धा तास वर धरा: तास-सव्वा तास. जेट विमानाला ताशी 800 धरून हाच हिशेब करा. अंतर जितकं कमी, तितका या अर्ध्या तासाचा भार जास्त. म्हणून कोल्हापूर-मुंबईला जेट आणि पंख्याच्या विमानात फार फरक पडत नाही. मुंबईवर गर्दी असली तर घिरट्या घालाव्या लागतात, तो वेळ कुठल्याच सूत्रात बसत नाही.

लांबच्या प्रवासात वारा हिशेब बदलतो. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे लंडनला जाताना परतीपेक्षा जास्त वेळ लागतो.

परदेशी तिकिटावरच्या दोन वेळांची थेट वजाबाकी करू नका. त्या त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. मुंबईहून सकाळी 10ला निघून दुबईत 11:30ला उतरलात, तर प्रवास दीड तासाचा नव्हे, तीन तासांचा झाला. दुबईचं घड्याळ आपल्यामागे दीड तास आहे.

घरापासूनचा वेळ हवा असेल तर विमानतळावर दीड-दोन तास आधी पोचणं आणि उतरल्यावर बॅगांची वाट बघणं त्यात घाला. मुंबईत अंधेरी-बीकेसीला काम असेल तर विमान सरस. ठाणे-डोंबिवलीला जायचं असेल तर रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीटही बघून ठेवा.