मुंग्या येणाऱ्या हाताचा नकाशा कसा काढावा

हाताला मुंग्या येतात असं म्हणायची खोटी, घरातलं कुणीतरी निदान करून मोकळं होतं: "मान आहे ती, पट्टा लाव." शेजारच्या काकू म्हणतात, "नस दबलीय, मालिश करून घे." मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि या दोन सल्ल्यांवर महिनोन् महिने घालवून आलेली माणसं रोज बघते. 'नस' या एका शब्दात आपण रक्ताची शीर, स्नायूचा दोर आणि संवेदना नेणारा तंतू असं सगळं कोंबून ठेवलंय, गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. इथे नस म्हणजे फक्त शेवटची.

एक बॉलपेन, कापूस गुंडाळलेली कानकाडी आणि घरातलं एक माणूस एवढं लागतं. टाचणी नको. मधुमेह असेल तर अजिबातच नको.

आधी थोडी रचना. मानेत मणके सात, पण तिथून निघणारी नसांची मुळं प्रत्येक बाजूला आठ. त्यातली खालची चार (सी ५ ते सी ८) आणि छातीतलं पहिलं (टी १) अशी पाच मुळं मानेच्या दोन स्नायूंच्या फटीतून बाहेर येतात आणि गळपट्टीच्या हाडाखालून काखेत उतरतात. वाटेत त्यांची वेणी घातली जाते. पण ही वेणी साधी नाही. प्रत्येक पेडातले केस सुटे करून दुसऱ्या पेडांत मिसळलेले असतात. म्हणून काखेतून खाली ज्या पाच मोठ्या नसा निघतात (अ‍ॅक्झिलरी, मस्क्युलोक्यूटेनियस, रेडियल, मीडियन, अल्नर) त्या प्रत्येकीत एकाहून जास्त मुळांचे तंतू असतात. याचा अर्थ कातडीवर दोन वेगवेगळे नकाशे आहेत, एक मुळांचा आणि एक नसांचा. मुळाचा भाग मान-खांद्यापासून बोटापर्यंत पट्ट्यासारखा उतरतो, नसेचा भाग तुकड्यासारखा असतो. आपल्याला एवढंच ठरवायचंय की तुमच्या मुंग्या यातल्या कोणत्या नकाशात बसतात.

पेन उशाशी ठेवा. रात्री मुंग्यांनी जाग आली की दिवा लावून तेव्हाच तेवढा भाग हातावर रंगवा, पुढून आणि मागून, आणि मोबाईलवर फोटो काढा. सकाळी आठवून सांगितलेलं मी धरत नाही, कारण सकाळी प्रत्येकजण "अख्खा हात हो" असंच सांगतो.

आता अनामिका. या पायरीला वेळ द्या, कारण मी स्वतः इथेच तोंडावर आपटले आहे.

नव्याने काम करत होते तेव्हा पोळ्या लाटायचं काम करणाऱ्या एक बाई आल्या. हातात मुंग्या, खांद्यापर्यंत ठणका. एमआरआयमध्ये मानेच्या दोन मणक्यांमधली चकती थोडी बाहेर आलेली दिसत होती. मी तीन आठवडे मानेला ताण देत राहिले. फरक शून्य. त्या पहिल्या दिवसापासून सांगत होत्या, "ताई, रात्री उठून हात झटकला की बरं वाटतं." मी ऐकत होते, पण माझं लक्ष फिल्मवर होतं. चाळिशी-पन्नाशीनंतर काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या मानेतही असे बदल दिसतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण कामात उतरलं नव्हतं. शेवटी एकदा त्यांची अनामिका नीट तपासली. मधल्या बोटाकडची कड बधिर होती आणि करंगळीकडची चांगली. मानेतून असं होत नाही. त्रास मनगटात होता.

कारण असं, की अनामिका हे सीमेवरचं बोट आहे. तिची अंगठ्याच्या बाजूची अर्धी कड मीडियनकडे आणि करंगळीच्या बाजूची अर्धी अल्नरकडे. मुळांच्या नकाशात मात्र सी ८ चा पट्टा करंगळीसोबत अनामिकाही घेतो, मधून रेघ मारत नाही. म्हणजे बधिरपणा अनामिकेच्या मधोमध दुभागला तर संशय नसेवर. अख्खी अनामिका करंगळीसकट गेली असेल तर नजर मानेकडे वळवायची.

तपासायची रीतही सांगते, कारण बहुतेकजण ती चुकवतात. डोळे मिटून हात उताणा ठेवा. दुसऱ्या माणसाने कापूस अनामिकेच्या एका कडेवरून हलकेच फिरवायचा, मग दुसऱ्या कडेवरून. "जाणवतंय का?" असं विचारू नका. बधिर बोटालाही जाणवतंच, आणि उत्तर "हो" येऊन सगळं फसतं. विचारा, "दोन्हीकडे सारखंच लागतंय का? ही कड रुपया मानली तर ती किती?" कुणी "बारा आणे" म्हणालं की रेघ सापडली. कापूस दाबायचा नाही, दाबलं की खालचं हाड बोलतं. तीन-चारदा क्रम बदलून करा. आणि उत्तर धूसर आलं तर धूसरच लिहा, ओढूनताणून बसवू नका. काही जणांच्या अनामिकेत ही सीमारेषा सरकलेली असते, आणि दुखणं नवीन असेल तर दिवसा सगळी बोटं ठणठणीत लागतात. तेव्हा रात्रीचा फोटोच खरा.

दुसरी खूण मनगटाची. अल्नर नस कातडीपुरती हातातच पसरते. कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू तिची नाही, तिथे काखेतून वेगळी निघालेली नस येते. म्हणून करंगळीचा बधिरपणा मनगट ओलांडून वर चढला असेल तर दोष एकट्या अल्नरच्या माथी मारता येत नाही, वर काखेत किंवा मानेत बघावं लागतं. तसंच अंगठ्याबरोबर बाहेरची कोपराखालची बाजूही बधिर असेल तर मीडियनपेक्षा सी ६ जवळचं. ठणका मात्र या हिशेबात धरू नका. मनगटातल्या दुखण्याचा ठणका खुशाल खांद्यापर्यंत जातो. त्या बाईंच्या बाबतीत मी नेमकी त्यालाच भुलले होते.

नस ठरली की दबते कुठे, ते तळहात आणि पालथा हात सांगतात. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा आहे, त्याच्या कातडीची फांदी मनगटातल्या बोगद्यात शिरण्याआधीच फुटते. बोटं बधिर पण उंचवटा चांगला, हे मनगटाच्या बोगद्याचं चित्र. त्या बोगद्यातून नऊ कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) आणि मीडियन नस अशी दहाजणं जातात. थोडी सूज आली तरी चेंगरते ती नसच. अल्नरचं तसंच: पालथ्या हाताची करंगळीकडची बाजूही बधिर असेल तर अडचण बहुधा कोपरामागे, जिथे आपटलं की झिणझिण्या येतात. ती बाजू चांगली आणि पुढून करंगळी बधिर असेल तर मनगटात.

ताकद पटकन बघून घ्या. तळहात वर ठेवून अंगठा छताकडे उचलला आणि कुणी खाली दाबला तर टिकतो का, ही मीडियन. अंगठा आणि तर्जनीच्या कडेत कागद धरून ओढला, आणि धरताना अंगठ्याचं टोक वाकलं, तर अल्नर कमजोर. मनगट वर उचलत नसेल तर रेडियल. खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून गाढ झोपलेल्यांचं हेच होतं. खांद्याच्या बाहेरच्या गोलाईवर बधिर आणि हात बाजूला उचलायला जड, तर अ‍ॅक्झिलरी, विशेषतः खांदा निखळून गेला असेल तर. कोपर वाकवायला जोर नाही, तर मस्क्युलोक्यूटेनियस किंवा वरची मुळं.

दोन सोप्या कसोट्या आणखी. दोन्ही मनगटं खाली वाकवून पालथे हात एकमेकांना टेकवून मिनिटभर थांबा. पहिल्या तीन बोटांत मुंग्या आल्या तर मनगट. हात डोक्यावर ठेवल्यावर दंडातली कळ उतरली तर मान.

मनगटच निघालं तर रात्री पट्टा बांधा, पण मनगट सरळ ठेवणारा. दुकानातल्या बऱ्याच पट्ट्यांतली पत्र्याची पट्टी मनगट मागे वाकवते. ती काढून हाताने सरळ करा आणि परत घाला. मालिश नको. गरोदरपणात हा त्रास खूप जणींना होतो आणि बहुतेकींचा बाळंतपणानंतर ओसरतो. मधुमेह आणि थायरॉइडच्या तपासण्या मात्र करून घ्या.

काही गोष्टी या नकाशात बसवत बसू नका. एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर पेन फेका आणि तडक रुग्णालय गाठा. छातीत दाटून डाव्या हाताला कळ आली तरी तेच. आधी दोन्ही पावलं आणि मग दोन्ही हात मोज्यासारखे बधिर झाले तर साखर आणि बी १२. अंगावर फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा आणि कोपरामागे दोरीसारखी जाड लागणारी नस असेल तर कुष्ठरोगाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात करून घ्या. तिथे औषध फुकट मिळतं, आणि लवकर घेतलं तर बोटं वाकडी होण्याआधी थांबवता येतात.

अंगठ्याचा उंचवटा खपाटीला गेलेला दिसला तर घरचे उपाय बंद. रात्रीचा फोटो आणि अनामिकेचे आणे लिहिलेला कागद घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि मानेचा एमआरआय लिहून देण्याआधी नसांचा वेग मोजणारी चाचणी करायची का, ते विचारा.