स्वस्तातली जंगलसुरी घेताना

धार लावून दे म्हणून ओळखीचे लोक माझ्याकडे सुऱ्या आणून टाकतात, त्यातल्या बऱ्याच बघूनच कपाळाला हात लावावासा वाटतो. काळंकुट्ट पातं, पाठीवर करवतीचे दात, पोकळ मुठीत होकायंत्र. एवढा सगळा थाट स्वस्तात बसवायचा तर काटकसर पोलादातच होणार. म्हणून माझा पहिला नियम: सुरी जितकी साधी, तितकी बरी.

पातं ९ ते ११ सेंटीमीटर लांब आणि २.५ ते ३ मिलिमीटर जाड असलं की दोरी कापणं, काठी तासणं, भाजी चिरणं सगळं होतं. त्याहून जाड पातं टोमॅटो चिरत नाही, चेंगरतं.

पोलादाचा नेमका प्रकार लिहिलेला नसेल, नुसतं 'स्टेनलेस' एवढंच असेल, तर सुरी खाली ठेवा. कार्बन पोलादाला धार पटकन लागते, पण ओलं राहिलं की गंज धरतं. पुसायचा कंटाळा असेल तर सरळ स्टेनलेस घ्या. १२सी२७ हे स्वस्त सुऱ्यांतही मिळणारं चांगलं स्टेनलेस.

मी स्वतः सगळ्यात जास्त वेळ बघते ते धारेचा उतार. स्वीडनच्या मोरा सुऱ्यांना दोन्ही बाजूंनी एकच रुंद, सपाट उतार असतो. नवशिक्यासाठी याच्यासारखं सोपं काही नाही. तो उतार धार लावायच्या ओल्या दगडावर टेकवा, सुरी किंचित पुढे-मागे डोलवा. एका ठिकाणी ती दगडाला चिकटल्यासारखी बसते. तोच कोन. तसाच धरून घासत राहा. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूवरून अंगठा पाठीकडून धारेबाहेर हलकेच सरकवा (धारेच्या लांबीवरून कधीच नाही); बारीक खरखर लागली की बाजू बदला. शेवटी दाब कमी करत ती खरखर काढून टाकायची.

मूठ धरून हात घट्ट आवळा. कुठे कड टोचत असेल तर अर्धा तास लाकूड तासलं की तिथेच फोड येणार. ओल्या हाताने धरून बघता आली तर उत्तमच. पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं हवंच, असा आग्रह अनेकजण धरतात. पात्यावर ठोकून लाकूड फोडणार असाल तर तो रास्त आहे. एरवी मोरा कम्पॅनियन या सुरीत ते टोकापर्यंत जात नाही, आणि नेहमीच्या कामाला काही अडत नाही.

घडीची हवी असेल तर ओपिनेल ८ नंबर बघा. पातं साडेआठ सेंटीमीटर, उघडल्यावर कडं फिरवून पक्कं करता येतं. मात्र लाकडी मूठ भिजली की फुगते आणि पातं उघडायला जड जातं. पावसात फिरणाऱ्यांनी न मिटणारी सुरीच घ्यावी.

म्यानाकडे कोणी बघत नाही. सुरी आत घालून म्यान उलटं धरा आणि झटका द्या (पाय बाजूला ठेवून!). सुरी निसटली तर ती कमरेला लावण्याच्या लायकीची नाही. म्यान चामड्याचं असेल तर घरी आल्यावर सुरी बाहेर काढून ठेवा. चामडं ओल धरून ठेवतं, आणि कार्बनच्या पात्यावर आतल्या आत डाग पडतात.