इमॅजिकाला फोन लावण्याआधी

व्हीलचेअरवरच्या लेकराला नाशकातून खोपोलीच्या इमॅजिका या राइड्सच्या पार्कला न्यायचं, तर ‘व्हीलचेअर मिळेल का?’ हे फोनवर विचारून काही कळत नाही. सगळेच हो म्हणतात. विचारायचं ते हे: खुर्चीतून उचलून राइडच्या सीटवर बसवायला मला आत सोडणार का? सीटला मान टेकेल एवढी पाठ आहे का? दांडा दोन्ही हातांनी धरावाच लागतो का? माझ्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसतो; डावी मूठ वळलेली. या शेवटच्या प्रश्नावरच निम्म्या राइड गळतात. गळू देत. नायट्रो रोलर कोस्टरचं तर मी नावही काढत नाही.

उत्तरं ईमेलवरच घ्या, गेटवर दाखवता येतात. त्यातच मिक्सरमधून काढलेली खिचडी आत नेऊ देतील का ते विचारा, आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मूळचं न्या, झेरॉक्स वेगळी.

टॉयलेटबद्दल विचारायला लाजू नका. दाराची रुंदी इंचात विचारा. आपली खुर्ची चाकांच्या कड्यांसकट टेपने आधीच मोजलेली हवी. मोठ्या मुलीचा डायपर आडवं करूनच बदलावा लागतो, आणि बाळांच्या टेबलावर ती मावत नाही. योगा मॅट आणि जुनी चादर घ्या, आणि फर्स्ट एड रूममध्ये बदलू देतील का तेही विचारून ठेवा.

आवाजाची तालीम नाशकातच होते. नवरात्रात कालिकेच्या यात्रेला आधी लांबूनच आकाशपाळणा दाखवा, मग थोडं जवळ न्या. अचानक मोठा आवाज झाला की या मुलांचं अख्खं अंग दचकून ताठ होतं, आणि ताठ झालेल्या पोराला बेल्ट लावणं म्हणजे आईची कुस्तीच. कानावर हेडफोन ठेवून घेते का, तेही तिथेच कळतं.

जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे टप्पा सुरू झाल्याने कसारा घाट टळतो. तरी खोपोलीला एका दिवसात जाऊन येऊ नका, मुक्काम करा. फिटची औषधं डिकीत नको, हातातल्या पिशवीत हवीत. डिसेंबर-जानेवारी शाळांच्या सहलींचा, म्हणून मी फेब्रुवारीतला मधला वार धरते.

दुपारी सावलीत पायातले स्प्लिंट (पाऊल सरळ धरणारे साचे) काढून मोजे बदला. कातडीवरचा लाल वण अर्ध्या तासात गेला नाही, तर स्प्लिंट पुन्हा चढवू नका. उरलेला दिवस खुर्चीतूनच फिरवा, आणि नाशकात आल्यावर स्प्लिंटवाल्याला दाखवा.