गॅस भरायच्या आधी पाइपाला हात लावा

मे तापला की परभणीत वसमत रोडला आमच्या गॅरेजच्या शटरसमोर गाड्या लागतात आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, "मामा, गार हवा येईना गेलीय, गॅस टाकून द्या." अंगात कणकण आली की डॉक्टरला सलाईन लावा म्हणण्यातला हा प्रकार. एसीचा गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांत गोल फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळालाय, आणि गळती न शोधता भरला तर पोळ्याच्या आत पुन्हा माझ्याकडे याल. शिवाय पुष्कळ वेळा गॅस पूर्ण असतो. गाडी थंडी तयार करते, पण ती तुमच्यापर्यंत पोचत नाही.

म्हणून आधी एवढंच ठरवायचं: थंडी तयारच होत नाही, का तयार होऊन वाटेत नासतेय?

डॅशबोर्डच्या आत प्लॅस्टिकची एक पेटी असते. ब्लोअरची हवा आधी कूलिंग कॉइलमधून जाते. तिच्या पुढं हीटर कॉइल, तिच्यात इंजिनचं ८०-९० डिग्रीचं पाणी फिरत असतं. दोन्हींच्या मधे एक फ्लॅप. तुम्ही नॉब निळ्यावरून लालकडे नेता तेव्हा बहुतेक गाड्यांत हा फ्लॅप सरकतो आणि थोडी हवा हीटरवरून जायला लागते. एवढंच. म्हणजे नॉब निळ्यावर असूनही फ्लॅप बोटभर उघडा राहिला, तर एसी कितीही चांगला असू द्या, हवा कोमटच येणार.

आता परीक्षा. गाडी मोकळ्यावर लावा, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. गळ्यातली दस्ती काढून ठेवा, कारण बोनेटखालचा फॅन न सांगता सुरू होतो. एसी चालू, ब्लोअर फुल, आतलीच हवा फिरवायचं बटन दाबलेलं, नॉब पार निळ्यावर. पाचेक मिनिटं जाऊ द्या, कुणाला तरी अॅक्सिलरेटर थोडा दाबून धरायला सांगा. मग बोनेटखाली, डॅशबोर्डच्या मागच्या पत्र्यातून बाहेर येऊन कॉम्प्रेसरकडे, म्हणजे गॅस दाबणाऱ्या पंपाकडे, जाणारा जाड पाइप शोधा आणि त्याला हात लावा. हा सक्शनचा पाइप. तो माठातल्या पाण्याइतका तरी गार लागला पाहिजे. कॉम्प्रेसरमधून पुढं कंडेन्सरकडे, म्हणजे गाडीच्या तोंडाशी गॅस निववणाऱ्या जाळीकडे, निघणाऱ्या पाइपाला मात्र हात लावू नका, चटका बसतो.

पाइपाला घाम आलाय का, हे सगळेच बघतात. पण आपल्याकडं मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की घाम कमीच धरतो. मुंबईच्या पाहुण्यांच्या गाडीखाली पाण्याचं थारोळं साचतं आणि आपल्या गाडीखाली चार थेंब, म्हणून आपला एसी बिघडला असं होत नाही. हाताला गार लागतंय ना, ते बघा.

आणखी एक, उन्हात दुपारभर उभ्या गाडीत बसून दुसऱ्याच मिनिटाला "हवा गरम यायली" म्हणू नका. बाहेर ४३ असताना आत सीट, डॅशबोर्ड, स्टिअरिंग सगळं भाजून निघालेलं असतं. आधी काचा खाली करून मिनिट-दोन मिनिट गाडी चालवा, गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा लावून आतली हवा फिरवा. बाहेरची हवा घ्यायचा फ्लॅप उघडा राहिला तर कॉइलला सतत ४३ डिग्रीची हवा गार करावी लागते. पुष्कळ गाड्यांची तक्रार या एका बटनावर मिटते.

समजा, पाइप गार आहे पण जाळीतून येणारी हवा कोमट आहे. मग गॅसचं नाव काढू नका. दोष फ्लॅपचा.

जुन्या आणि साध्या गाड्यांत नॉबपासून फ्लॅपपर्यंत तारेची केबल असते. ती क्लिपमधून निसटते, नाहीतर नॉबचे प्लॅस्टिकचे दाते झिजतात. नॉब हलका, पोकळ फिरायला लागला की समजा केबल सुटली. ड्रायव्हरच्या किंवा शेजारच्या सीटच्या पायाकडून वाकून टॉर्च मारा, दुसऱ्याला नॉब फिरवायला सांगा आणि पेटीच्या बाजूचा छोटा दांडा हलतो का बघा. दांडा हलत नसेल तर हातानं थंड बाजूला ढकलून बघा. हवा लगेच गार झाली तर निदान झालं. केबल क्लिपमध्ये बसवताना नॉब निळ्या टोकाला आणि दांडाही थंड टोकाला ठेवूनच बसवायची, नाहीतर पुन्हा बोटभर फट राहते.

नव्या गाड्यांत केबलच्या जागी छोटी मोटार असते. तिच्या आतले प्लॅस्टिकचे गिअर तुटले की गाडी सुरू केल्यावर किंवा तापमान बदलल्यावर डॅशबोर्डच्या मागून टिक-टिक-टिक आवाज येतो. रात्री शांत ठिकाणी ब्लोअर बंद ठेवून, फक्त चावी ऑन करून, नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि कान लावा. मोटार बदलायला प्रत्येक वेळी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतोच असं नाही. काही गाड्यांत ती ग्लोव्ह बॉक्स काढला की हाताला लागते. "डॅशबोर्ड खोलावा लागेल" हे ऐकलं की आधी विचारा, मोटार नेमकी कुठं आहे. एअरबॅगची वायरिंग असलेली बाजू मात्र घरी उघडायच्या फंदात पडू नका.

शंका उरली तर हीटरच्या पायपांची परीक्षा घ्या. पत्र्यातून आत जाणारे रबराचे दोन पाइप असतात, त्यांतून गरम पाणी आत-बाहेर करतं. त्यांतला एक पाइप पकडीला कापड गुंडाळून हलक्या हातानं दाबून धरायचा. थोड्या वेळात आतली हवा गार व्हायला लागली, तर थंडी तयार होत होती आणि गरम पाणी तिची माती करत होतं. पाइप जुना, कडक झालेला असेल किंवा प्लॅस्टिकचा असेल तर हा प्रयोग करू नका, फुटेल. पुष्कळ ठिकाणी यावर कायमचा इलाज म्हणून हे दोन पाइप बाहेरच एकमेकांना जोडून हीटर बायपास करतात. उन्हाळा निघेपर्यंत चालेल. हिवाळ्यात पहाटे धुक्यात निघालात की काच पुसायला गरम हवा लागते, तेव्हा काय करणार?

ऑटोमॅटिक एसीवाल्यांची वेगळीच गंमत. तिथं गाडी स्वतः ठरवते किती गार करायचं, आणि ती ठरवते सेन्सरवर. डॅशबोर्डवर पुढच्या काचेजवळ उन्हाचा सेन्सर असतो, काळा, गोल, शर्टाच्या बटनाएवढा. त्यावर लोक मखमली चटई घालतात, देवाची मूर्ती चिकटवतात, टोलच्या पावत्या टाकतात. गाडीला वाटतं सावली आहे. स्टिअरिंगजवळ बारीक जाळीमागं आतल्या हवेचा सेन्सर असतो, तिच्यात धूळ आणि कापसाचा फुफाटा बसतो. मूर्ती दोन बोटं बाजूला सरकवा, जाळी मऊ ब्रशनं साफ करा, मग बोला. बॅटरी काढून परत जोडल्यावर काही गाड्यांत फ्लॅपची मोटार आपली टोकं विसरते. गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणं कॅलिब्रेशन करून घ्यावं लागतं.

पाइपच गार नाही, तर मग बोनेटखाली बघायचं. एसी चालू केल्यावर कॉम्प्रेसरचा मॅग्नेट "टक" करून ओढला गेला पाहिजे. आवाज नाही तर आधी फ्यूज आणि रिले. काही नव्या गाड्यांत कॉम्प्रेसर कायम फिरताच असतो, तिथं टक ऐकायची वाट बघू नका. मॅग्नेट पाच-सात सेकंदांनी सारखा सुटत-धरत असेल तर गॅस कमी असल्याचा संशय घ्यायला जागा आहे.

चालत्या गाडीत गार आणि रेल्वे गेटवर उभं राहिलं की गरम, हा प्रकार फॅनचा नाहीतर कंडेन्सरचा. पुढच्या जाळीतून डोकावून बघा. आमच्या भागातल्या गाड्यांत जिनिंगचा कापूस, सोयाबीनच्या मळणीचा भुस्सा आणि त्यावर चिखल, असा थर बसलेला असतो. तो साध्या पाण्याच्या धारेनं धुवा. प्रेशर गन जवळून मारली की पातळ पाती आडवी होतात आणि उरलीसुरली वाटही बंद होते. धारूरच्या घाटात चढताना एसी आपोआप बंद पडतो अशी तक्रार असेल तर एसीवर राग काढू नका. इंजिन तापलं की गाडी स्वतःच कॉम्प्रेसर तोडते. तापमानाच्या काट्याकडे बघा, कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं द्रावण, बघा.

एवढं सगळं ठीक असेल तर मग गॅस. रात्रभर उभ्या गाडीवर, बाहेर ३० डिग्री असताना, आर-१३४ए या एसीच्या गॅसचा दाब गेजवर १०० पीएसआयच्या आसपास दिसतो. ५०च्या खाली असेल तर गॅस नक्की गेलाय. पण १०० दिसला म्हणजे पूर्ण आहे असंही नव्हे, आत थोडा द्रव शिल्लक असला तरी दाब तेवढाच दिसतो. म्हणून नुसतं गेज बघून भरणाऱ्याकडे जाऊ नका. जोडांवर तेलकट डाग शोधायला लावा, गळती काढा, निदान अर्धा तास व्हॅक्यूम मारून, म्हणजे नळ्यांतली हवा ओढून, तो टिकतो का बघा आणि बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम वजन करून भरा. जास्त भरला तरी कूलिंग कमी होतं. नव्या काही गाड्यांत गॅस वेगळा असतो, तोही स्टिकरवरच लिहिलेला असतो. आणि कुणी स्वस्तात घरगुती सिलिंडरचा गॅस टाकतो म्हणाला तर गाडी चालू करून निघा. तो पेटतो.

तासभर छान गार, मग हवाच कमी येते, गाडी थोडी थांबवली की परत ठीक, हे वेगळं दुखणं. इथं हवा गरम झाली का कमी झाली, हे नीट सांगा. कमी झाली असेल तर कॉइलवर बर्फ धरतोय. आतली हवा गाळणारा केबिन फिल्टर तुंबला की असं होतं. तो बहुधा ग्लोव्ह बॉक्सच्या मागं असतो. काढून उजेडात धरा, पलीकडचं दिसत नसेल तर नवा टाका. फिल्टर साफ असेल तर कॉइलचा सेन्सर तपासायला सांगा.

हिवाळ्याची तक्रार उलटी. जानेवारीत परभणीचा पारा दहाच्या खाली उतरतो, कधी पाच-सहावरही येतो, आणि पहाटे निघणाऱ्यांना तेव्हा आठवतं की गाडीला हीटर आहे. इंजिन तापल्यावर हीटरच्या त्या दोन्ही पायपांना हात लावा. दोन्ही गरम आणि हवा थंड, तर पुन्हा फ्लॅप. एक गरम, एक थंड, तर हीटरचा वॉल्व बंद आहे किंवा कॉइल चोक आहे. चोकचं कारण आपल्याकडं ठरलेलं, बोअरचं पाणी. उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये बाटलीनं ओतलेल्या पाण्याचा क्षार त्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंटच टाका, आणि पातळ करायचं तर डिस्टिल्ड वॉटरनं.

दोन्ही पाइप कोमट असतील तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा वॉल्व, उघडाच अडकलाय, किंवा "गाडी तापते" म्हणून कुणीतरी तो काढूनच टाकलाय. हे आपल्याकडं सर्रास चालतं. त्यानं इंजिनला गरम व्हायला वेळ लागतो, डिझेल जास्त जातं आणि हीटर मेलेलाच राहतो. नवा बसवून घ्या. डॅशबोर्डमागून खळखळ आवाज येत असेल तर कूलंट कमी होऊन हवा अडकलीय. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच झाकण उघडून कूलंट भरा, हवा काढा. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्यांनी किटवाल्याचं काम एकदा बघावं. रेड्युसरला, म्हणजे सीएनजीचा दाब कमी करणाऱ्या डब्याला, लागणारं गरम पाणी बहुधा हीटरच्याच पायपाला टी मारून नेतात आणि जोड चुकीचा बसला की हीटरकडे पाणीच जात नाही.

राहिला ओला कार्पेट. शेजारच्या सीटच्या पायाकडं पाणी साचलं तर बोट बुडवून बघा. साधं, थंड पाणी असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलीय, खालून तार घालून मोकळी होते. पाणी चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, तर हीटर कॉइल फुटलीय. ते पाणी विषारी असतं, लेकरांना तिथं बसवू नका, आणि कूलंट रोज बघत सावकाश वर्कशॉपला आणा.