सोयीच्या अर्जासोबत काय काय असावे

नोकरीच्या ठिकाणी अपंगत्वानुसार सोय मागायची असेल, तर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे विशिष्ट ओळखपत्र) सोबत असावे, हे सांगायला नको. अर्जात केवळ ‘जिना चढताना त्रास होतो’ असे लिहून भागत नाही. अभिलेख कक्ष दुसऱ्या मजल्यावर असल्याने पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) घालून गठ्ठे खाली आणता येत नाहीत, ते शिपायामार्फत टेबलावर मिळाल्यास नोंदी वेळेत होतील, इतके नेमके लिहावे. शस्त्रक्रियांचा पाढा मात्र वाचू नये. साहेबांना त्याची गरज नसते आणि कार्यालयात तो विनाकारण चर्चेचा विषय होतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चे कलम 20 शासकीय आस्थापनांवर वाजवी सोय देण्याचे बंधन घालते. वाजवी म्हणजे आस्थापनेवर प्रमाणाबाहेर बोजा न टाकणारी, आणि नकार बहुधा याच शब्दांच्या आडून येत असल्याने कमी खर्चाचा पर्याय आपणच सुचवून ठेवावा. कुपवाडच्या एमआयडीसीत खासगी कारखान्यात असाल, तर कलम 21 खालील समान संधी धोरणाची प्रत आधी मागा.

आता पोच. अर्ज शिपायाच्या हाती देऊन किंवा साहेबांना व्हॉट्सॲपवर पाठवून निघून येऊ नये. माझा मागचा अर्ज असाच ‘आलाच नाही’ ठरला. आपल्या प्रतीवर गोल शिक्का, त्यात तारीख आणि शेजारी हाताने लिहिलेला आवक क्रमांक हवा. आवक लिपिक जेवायला गेले असतील, तर थांबावे. ‘उद्या देतो’ म्हणाले, तरी थांबावे. स्मरणपत्राचीही पोच घ्यावी. तोंडी होकार मिळाला, तर तो त्याच दिवशी पत्राने कळवून त्या पत्राचीही पोच घ्यावी.

सोय नाकारली किंवा टोमणे, बढती डावलणे असे प्रकार झाले, तर शासकीय कार्यालयात कलम 23 नुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावे. तक्रार नोंदवहीत चढल्यापासून दोन आठवड्यांत त्यांनी चौकशी करायची असते, म्हणून नोंदीचा क्रमांक समोर उभे राहून घ्यावा. पुढे जिल्हास्तरीय समिती, मग पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्त. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून शासकीय आस्थापनेला कोणाला काढता येत नाही, तेही कलम 20 मध्येच आहे. प्रती दोन संच, पोचेसह.